डावीकडचं एक बोट

४ जानेवारी, रविवार

शिवणाचा टेप घेऊन गाडीच्या चाकापाशी उकिडवी बसले होते, तर आई दारातनं म्हणते, "गाडीला झंपर शिवतीस व्हय गं?" मी म्हटलं, व्हय, बाह्या लांब ठेवू का आखूड? हसली बिचारी. फार दिवसांनी हसली.

माप फिरोजभाईंनी मागितलंय. फिरोजभाई म्हणजे दादाचे दोस्त, हायवेला ढाब्यांच्या रांगेत त्यांचं गॅरेज आहे. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं, चारी चाकांचं. गाडी खाली बसवायच्या आधी ती आत्ता किती उंच उभी आहे ते कळलं पाहिजे म्हणाले.

हे सगळं कशासाठी ते एकदा इथं लिहून टाकते, कारण घरात कुणाला सांगितलेलं नाही. दादाला, आमच्या बालाजीला, गेल्या फाल्गुनात तापानं सहा दिवसांत नेलं. दहाव्याला बोरी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तिथं बाया जात नाहीत. मी गेले, कोण अडवतो बघू म्हणून गेले. झाडावर कावळे ढीगभर, पण एक मेला खाली उतरेना. मग एकेक जण कबूल करायला लागला. मामा म्हणाले, प्रतीक्षाचं, म्हणजे माझं, लगीन थाटात करतो. कावळा नाही. चुलते म्हणाले, तुझ्या आईला अंतर देणार न्हाय. तरी नाही. ऊन चढत चाललं. मला वाटलं, या लोकांना काय डोंबल ठाऊक दादाला काय पाहिजे ते! त्याला एकच ध्यास होता, या छोट्या गाडीला आखूड स्प्रिंगा आणि नवे शॉकअप टाकायचे, रस्त्याला चिकटून चालली पाहिजे. मी मनातल्या मनात म्हटलं, दादा, वर्षाच्या आत तुझी गाडी खाली बसवते. आणि कावळा आला. शप्पथ सांगते, शब्द पुरा व्हायच्या आत आला.

अण्णा, आमचे वडील, तेव्हा लांब बाभळीखाली एकटे उभे होते. त्यांचेही ओठ हलत होते. ज्या माणसानं जन्मात देवाचं नाव घेतलं नाही तो घेत होता. ते बघून मला भडभडून आलं होतं.

वर्षश्राद्ध चोवीस फेब्रुवारीला आहे. आता हललं पाहिजे.

माप घेतलं. मागची दोन सारखी, पुढचं उजवं बरोबर. पुढचं डावं मात्र एक बोट खाली.

७ जानेवारी, बुधवार

जेवताना अण्णांचं पुन्हा तेच. "ती डबडी इकून टाक."

मी म्हटलं, "तुम्हाला काय करते ती? कोपऱ्यात उभी असते."

"उभी असती म्हनूनच इक."

अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, तेच काय ते पेन्शन, असं स्वतःच म्हणतात. दादाच्या गाडीत एकदाही बसले नाहीत. तो हात जोडायचा, "अण्णा, एकदा बाजूला बसा. तुळजापूरचा घाट उतरू, बघा कशी वळती." हे म्हणायचे, "जल्मभर म्या मान्सं न्हेली. मला कुनी न्ह्यायचं न्हाय." दादा हसण्यावारी न्यायचा, पण एकदा मी त्याला गाडीत बसून डोळे पुसताना पाहिलंय.

आता तर अण्णा गाडीकडं बघतसुद्धा नाहीत. पुढच्या दारानं येत नाहीत, मागनं न्हाणीजवळनं येतात. इतका कसा माणूस दगड असतो, मला कळत नाही.

११ जानेवारी, रविवार

गाडी फिरोजभाईंकडं नेली. आठवडाभर शाळेत शिकवायला मी एसटीनंच तुळजापूरला जाते, गाडी रविवारी काढते, बॅटरी मरू नये म्हणून. चालवताना दादाचा वास अजून येतो. आई म्हणते, तुझ्या मनाचा वास.

फिरोजभाईंनी स्वतः माप घेतलं. पुढची दोन्ही सारखी! मी म्हटलं, असं कसं, घरी तर एक बोट फरक होता. ते म्हणाले, "दाबून घेतलं हुतं का?" कसलं दाबणं?

"ताई, उभ्या गाडीत कुनी बसून उठलं ना, तर गाडी लगीच पुरी वर येत न्हाय. रबरं धरून ठेवत्यात. चार हात चालली, न्हायतर वरनं दोनदा दाबून सोडली, की येती जाग्यावर. आधी दाबायचं, मंग मोजायचं."

"पण कुणी बसलंच नव्हतं. आठवडाभर बंद होती."

त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले. मग चहा मागवला.

सेटचं बोलणं झालं. मला वाटायचं नुसत्या स्प्रिंगा बदलल्या की झालं. ते म्हणाले, "हीच चूक पोरं करत्यात. स्प्रिंग वजन उचलती, शॉकअप तिला आवरतो. कडक स्प्रिंग टाकली आन शॉकअप जुनाच ठिवला, तर गाडी बेडकावानी उड्या मारती. बदलायची तर जोडी बदलायची." काही जण आहे तीच स्प्रिंग ग्राइंडरनं कापतात, ते काम मी करत नाही म्हणाले, कुणाचा तरी मुडदा पडायचा. नट फिरवून वर-खाली होणारा आट्यांचाही सेट मिळतो, पण आपली धूळ आणि पांदीचा चिखल आट्यांत बसला की तो नट काय फिरत नाही. त्यांच्या मते पुण्याचा जोडीचा सेट घ्यावा, दोन बोटं खाली, शॉकअप त्याच मापाचे.

"बालाजीच्या मी लई मागं लागलो हुतो," म्हणाले. "दोनदा तारीख ठरली. ऐनवक्ताला मला म्हनायचा, थांब फिरोज, अजून एक पाशिंजर बसायचा ऱ्हायलाय. त्यो बसला की मंग खाली करू."

पाशिंजर! म्हणजे दादाची कुणीतरी होती. सख्ख्या बहिणीला पत्ता नाही! कोण असेल? त्याच्या ऑफिसातली ती शिवरंजनी? विचारायची सोय आता कुठं राहिली.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीची सुट्टी काल झाली. आज शाळेतनं आले तर शांताक्का भिंतीवरनं तिळगूळ देता देता म्हणाल्या, "दुपारी गाडीत कोण बसलं होतं गं तुमच्या?"

शांताक्का शेजारच्या. माहेर आळंदचं, अजून निम्मं कानडी बोलतात. डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

मी म्हटलं, "कुणी नाही. किल्ली देवळीत असते."

"अय्यो, बसलं होतं की. मी गच्चीवर वाळवण बघायला गेले. डाव्या अंगाला बसून उजवीकडं तोंड करून बोलत होतं. खांदे तुझ्या दादावानी." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "माझे डोळे मेले, सोड."

मी गाडीपाशी गेले. माझा देवाधर्मावर फार विश्वास नाही, वर्गात मुलींना अंधश्रद्धेवर निबंध देते. पण दार उघडायच्या आधी काचेवर टकटक केली. डावीकडची सीट पार मागं सरकवलेली. मी कधीच सरकवत नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटवर, मधोमध, मूठभर फुटाणे.

दादाला फुटाण्यांचं वेड होतं. लहानपणी अण्णा ड्युटीवरनं आले की हा आधी त्यांच्या खाकी खिशात हात घालायचा.

मी फुटाणे उचलले नाहीत. दार हळूच लावलं, झोपलेल्याच्या खोलीचं लावतात तसं.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी माप घेतलं, सगळं बरोबर. दुपारी जेवून तासभर डोळा लागला, उठून परत घेतलं. डावं एक बोट खाली.

दोन्ही हातांनी बॉनेट दाबून सोडलं. आतून कुर्र आवाज आला आणि गाडी वर आली. कुणीतरी माझ्या डोळ्यांसमोर उठून गेल्यासारखी. मी तिथंच उभी राहून म्हटलं, "दादा, तू आहेस का?" भिंतीपलीकडं शांताक्कांच्या कोंबड्या ओरडत होत्या, बाकी काही नाही.

तो बघायला येतोय. मी शब्द दिलाय आणि वर्ष सरत आलंय, म्हणून येतोय. दुसरं काय असणार? पण दादा, डावीकडं का बसतोस रे? तुझी जागा उजवीकडची.

आईला यातलं काही बोलले नाही. ती आपल्याच तंद्रीत. भाजी निवडताना म्हणे, "तुझ्या अण्णांचं काय खूळ बग, तोंडात दात न्हाईत आन बाजारातनं फुटाणे आनत्यात." मी हं हं केलं. मला कुठल्या गोष्टीत लक्ष देऊ आणि कुठल्या नाही असं झालंय.

२५ जानेवारी, रविवार

फिरोजभाईंना सांगितलं, पुण्याचा सेट मागवा. दादाला तीन बोटं खाली हवी होती. मी दोनावर आले. गावातले गतिरोधक तीन बोटांना गाडीचं पोट फाडतील. स्प्रिंग किती कडक हवी, असं त्यांनी विचारलं तर मी म्हटलं, मऊ असेल तेवढा मऊ. घरात म्हातारी माणसं आहेत.

"म्हातारी मान्सं बसत्यात व्हय गाडीत?" फिरोजभाई म्हणाले.

"नाही बसत," मी म्हटलं.

अण्णांना घरी कळलंच. ताट सरकवून उठले. "कमी उंचीची गाडी म्हंजी काय गाडी हाय का? लोळायचं का रस्त्यावर?" मी म्हटलं, "दादाची इच्छा होती, तुम्हाला काय त्याचं." वाईट बोलले. ते दारात थांबले, काहीतरी म्हणणार होते, पण खाकरून मागच्या दारानं गेले.

८ फेब्रुवारी, रविवार

झालं. दिवसभर गॅरेजात बसून होते. जुना शॉकअप काढला तर तेल गळून काळा झालेला. नवी स्प्रिंग हातात घेतली, वाटली त्यापेक्षा जड होती. संध्याकाळी गाडी जॅकवरनं उतरली आणि हळूहळू बसली, बसली, चाकावर मडगार्ड टेकतंय असं वाटेपर्यंत बसली. फिरोजभाई मागं सरकून बघत राहिले. डोळे पुसत म्हणाले, "बग बालाजी, कैसी दिखती तेरी गाडी."

येताना मुद्दाम तुळजापूरला जाऊन घाट उतरले. काय वळते! कुठं कलत नाही, डोलत नाही. प्रत्येक वळणावर मी बाजूला बघत होते. रिकामी सीट. मला रडू यायला पाहिजे होतं पण आलं नाही. उलट पाठीत गार वाटत राहिलं, जसं काही मी कुणालातरी मागं ठेवून पुढं आले होते.

आईनं जुन्या स्प्रिंगा टाकू दिल्या नाहीत. फोन करून फिरोजभाईंना बजावलं, "जुनं सामान भंगारात दिऊ नका. गोनीत घालून धाडा." आता गोणी जिन्याखाली आहे. लोखंडाचा एवढा कसला सोस, देव जाणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज बघते. माप जिथल्या तिथं. सीट सरकलेली नाही. फुटाणे नाहीत. शांताक्कांनाही काही दिसलं नाही.

म्हणजे शब्द पोचला. दादा सुटला. मला हलकं वाटायला पाहिजे. पण शाळेतनं येताना पाय उचलत नाही. महिनाभर भीत होते, आणि आता ती भीती गेली तर घर ओकंओकं वाटतं. दादा दुसऱ्यांदा गेला असं वाटतं. कुणाला सांगू हे?

त्यात अण्णांनी न्हाणीत घसरून तळहात सोलून घेतलेत. मी मलम लावायला गेले तर हात मागं घेतला. तळहाताला न्हाणीचं शेवाळ नव्हतं, अंगणातली खडी रुतलेली होती. जेवतही नाहीत धड. आई त्यांच्याकडं बघते आणि माझ्याकडं बघते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं आत्ताच लिहून ठेवते.

शाळा दुपारीच सुटली. फाटक उघडलं तर गाडीचं डावं दार उघडं. आणि एक पाय बाहेर. धोतर, पायात वहाण.

माझा जीव कसा गेला नाही! पुढं गेले तर अण्णा. घामानं निथळत, डावा पाय जमिनीवर, उजवा आत, एक हात दाराच्या कडीला. सीट पार मागं सरकवलेली. ड्रायव्हरच्या सीटवर फुटाणे.

"कधीपासून बसलाय?"

"तुजी आई बचत गटाला गेली तवापसून. उठता ईना. गुडघा जोर धरत न्हाय. लई खाली हाय ही."

"अहो, मग हॉर्न दाबायचा! शांताक्का आल्या असत्या!"

"हॉर्न त्याच्या म्होरं हाय. त्याच्या सामानाला म्या कशाला हात लावू?"

मी तिथंच खाली बसले. पाणी आणायचंही सुचलं नाही. मग आणलं. ते घटाघटा प्यायले.

"अण्णा, तुम्ही तर विका म्हणत होता."

"व्हय. गाडीच ऱ्हायली न्हाय तर जबान बी सुटंल, म्हून म्हनत हुतो. रोज इथं येऊन बसनं सोपं हाय व्हय गं?"

"कसली जबान?"

ते समोरच्या काचेकडं बघत राहिले. "दहाव्याला. कावळा शिवंना. समदे कायबाय कबूल करत हुते. म्या म्हनलं, बाळ्या, बसतो बाबा तुज्या बाजूला. वरीसभर रोज बसतो. आन आला बग कावळा. शब्द पुरा व्हायच्या आत आला."

मग ते म्हणाले, "तू गाडी खाली केलीस तवा पयल्या दिवशी बसाया गेलो आन पडलो. मंग आठ दिस नुस्ता दाराला हात लावून माघारी जात हुतो. आज म्हनलं, हू दे काय व्हायचं ती." मग एकदम पोरासारखं तोंड वाकडं करून रडले. अण्णांना रडताना मी दहाव्यालाही पाहिलं नव्हतं. "तवा बसलो न्हाय गं. कितींदा म्हनला त्यो."

त्यांच्या काखेत हात घालून उठवलं. त्यातही मला शिकवत होते, "आधी दोनी पाय भाईर काड. घाई करू नको. आता उचल." जन्मभर पाशिंजर उतरवलेला माणूस.

पाशिंजर. अजून एक पाशिंजर बसायचा ऱ्हायलाय. त्यो बसला की मंग खाली करू.

मी धुण्याच्या दगडावर बसून ओक्साबोक्शी रडले. कुठली शिवरंजनी आणि कुठलं काय!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस झोप नाही. गाडी वर करायची म्हणजे दहाव्याला दिलेला शब्द मोडायचा. न करावी तर अण्णांचा मोडतो. कावळा कुणाच्या शब्दाला आला? मुलींना निबंध देणारी मी, रात्रंदिवस हेच घोकतेय. चोवीसला पान ठेवलं आणि तो आलाच नाही तर? चारचौघांत दादा अतृप्त ठरला तर आई जगायची नाही.

शेवटी आईला सगळं सांगितलं. ती गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला म्हाईत हुतं ते बसत्यात ते. किल्ली मीच काडून देत हुते. बसून गेले की सीट म्होरं करून फुटाणे बी येचत हुते, संक्रांतीच्या गडबडीत तेवडं ऱ्हायलं."

"मग मला का नाही बोललीस? मी भुतासारखी फिरत होते घरात!"

"तू कशापायी गाडी खाली करतीस, ते मला कुटं बोलली हुतीस?"

नाहीच बोलले. या घरात तिघंही त्याच्याशी बोलत होतो, आपापसात कुणी नाही.

"आता काय करू, आई?"

"जिन्याखाली गोनी हाय," ती म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

फिरोजभाईंना पाशिंजर कोण ते सांगितलं. हातातला पाना खाली ठेवून ते बराच वेळ हायवेवरच्या ट्रकांकडं बघत राहिले. मग काम धरलं. जुन्या स्प्रिंगा बसवल्या, शॉकअप मात्र कंपनीच्या मूळ मापाचे नवीन. जुन्यांत दम नव्हता म्हणाले. खाली बसवायचा सेट खोक्यात भरून ठेवला. "ठेवतो मी. कधी लागला तर."

गाडी पुन्हा पहिल्यासारखी उंच. फाटकातनं आत येताना बाजूच्या सीटकडं बघून मी मोठ्यानं म्हटलं, "दादा, मला माफ कर, मी शब्द फिरवला."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वर्षश्राद्ध झालं.

दुपारी पान वाढून अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. खाली गाडी. लिंबावर कावळे होते, ओरडत होते. सगळे मागं सरकून उभे राहिले. एकही उतरेना. भात वाळायला लागला. मामा म्हणाले, "कुनाला काय कबूल करायचं आसंल तर करा बाबांनो." आईनं माझा हात धरला. मी तोंड उघडलं नाही. एक शब्द दिला होता, तो मीच मोडून आले होते, दुसरा कुठल्या तोंडानं देऊ?

तेव्हा अण्णा उठले. पुढच्या दारानं बाहेर आले, वर्षात पहिल्यांदा. सगळ्यांदेखत गाडीपाशी गेले, डावं दार उघडलं, आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय आत घेतला. खिशातनं फुटाणे काढून बाजूच्या सीटवर ठेवले. दार लावून घेतलं. मामा पुटपुटले, "भावजींचं डोस्कं फिरलं का काय?" आई म्हणाली, "गप ऱ्हावा जरा."

काचेतनं त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

कावळा आला. आधी गाडीच्या टपावर बसला, टपटप चालत कडेपर्यंत गेला, मग भिंतीवर उडी मारून पानातली पोळी उचलली.

अण्णा बराच वेळ बसून होते. मग स्वतःच उतरले, कुणाचा हात न घेता.

पाहुणे गेल्यावर मी टेप घेऊन अंगणात गेले. गाडी दाबली नाही, हलवली नाही. पुढचं डावं एक बोट खाली. तसंच राहू दिलं.

मग वळसा घालून उजवीकडं गेले. ड्रायव्हरच्या बाजूला चाकाशी वाकले, टेपचं टोक धरलं. आणि न मोजताच गुंडाळून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवून आले.